कसब्याचा वाडा, मोडीचा कागद आणि डिजिटल शासन

१/ डिजिटल शासन अडते कुठे? ठरलेले उत्तर असे: लोक अडाणी, नेटवर्क दुबळे. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. परंतु मूळ दुखणे संगणकाहून कितीतरी जुने आहे. ते पाहण्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेत यावे लागते.

२/ कसबा ही पुण्यातील सर्वांत जुनी पेठ. लाल महाल, कसबा गणपती, तांबट आळी येथलीच. अशा जुन्या वस्तीतील घराण्यांची खरेदीखते, वाटणीपत्रे, गहाणखते मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी सरकारी व्यवहारातून हद्दपार झाली. लिपी सोडली शासनाने. ती वाचून घेण्याचा भुर्दंड मात्र वारसांच्या माथी आला.

३/ हे प्रथमच घडले नाही. १८५२च्या कायद्याने कंपनी सरकारच्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि हक्क सिद्ध करण्याचा भार इनामदारावर पडला. पुरावा अपुरा ठरला, की इनाम खालसा. कमिशनने ठिकठिकाणाहून जमवलेले कागद आजही पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत.

४/ आता वर्तमान. शेतजमिनीला सातबारा, तशी शहरातील जागेला मिळकत पत्रिका. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला, हे काम मोठेच. पण पडद्यावर तेच उमटते, जे वहीत होते. पत्रिकेवर दिवंगत पणजोबा, आधारवर नावाची निराळी जोडणी, वारस चार गावांत. संगणक हा गुंता सोडवत नाही. अर्ज तेवढा नाकारतो.

५/ ‘कागद सांभाळणे मालकाचेच काम’, हा युक्तिवाद अपुरा आहे. आपल्याकडे सरकारी नोंद ही मालकीचा अंतिम पुरावा मानली जात नाही. शासन स्वतःच्या नोंदीची हमी देत नाही आणि नागरिकाकडून मात्र बिनचूक कागद मागते!

६/ डिजिटल शासनाचा आदर्श म्हणून एस्टोनियाचे नाव घेतले जाते. त्या देशाने जमीन सुधारणा कायदा केला १९९१ मध्ये. सरकारी खात्यांची माहिती जोडणारी ‘एक्स-रोड’ यंत्रणा आली २००१ मध्ये. मालकीचा प्रश्न आधी हाती घेतला, यंत्र मागाहून आले.

७/ म्हणून मोडी वाचणारे शासनाने नेमावेत, वारसनोंदी शासनाने दारी येऊन पूर्ण कराव्यात, जोडणीतील फरक कचेरीने निस्तरावा. दप्तर बदलणाऱ्यानेच बदलाचा भार वाहावा. अन्यथा १८५२चाच दंडक नव्या पडद्यावर चालू राहील.