पाण्याचा सण आणि आपली जयंती



१४ एप्रिलला आपण राहुरीच्या उन्हात निळे झेंडे घेऊन मिरवणुकीत चालतो. त्याच सुमारास अरुणाचल प्रदेशात नामसाईकडे खामती बौद्धांचा सांगकेन सुरू होतो. विहारातल्या बुद्धमूर्ती बाहेर आणून स्वच्छ पाण्याने न्हाऊ घालतात, मग लहानथोर एकमेकांवर पाणी उडवतात. भोवती नद्या, बांबूची बने. जेवायला पानात बांधलेला वाफेचा भात. खामती हे थेरवादी. त्यांची बोली आपल्याला कळणार नाही, पण पालीतले त्रिशरण-पंचशील तेच!

'तुम्ही १९५६ चे बौद्ध' असे आपल्या पोरांना ऐकावे लागते. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे धम्मबांधव त्यांनी पाहावेत, असे आम्हाला फार वाटते. पण त्यासाठी जयंती सोडायची? आमच्या घरच्या बायकांनी साफ नाही म्हटले, आणि ते आम्हाला पटले.

वर्षावास संपल्यावर तिकडे कठिन चीवरदान असते, तेव्हा जावे. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मात्र तेव्हाच अडचण. राहुरीहून मनमाड गाठायचे, पुढे गाड्या बदलत आसामातल्या तिनसुकियापर्यंत रेल्वे आहे. अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट लागते; ओळखपत्र, फोटो आधीच जमवा. भिशीचे पैसेही आतापासून बाजूला ठेवा.