भातुकलीतले अब्बा

साताऱ्यात एका शनिवारी घरून काम करत बसलो होतो. शेजारच्या खोलीत सात वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा भातुकली खेळत होते. लेकीने कामं वाटली, "मी अम्मी, तू अब्बा." धाकट्याने विचारलं, "मग मी काय करू?" उत्तर आलं, "काही नाही. कानाला हेडफोन लाव आणि म्हण, शूऽऽ, मीटिंग चालू आहे."

आधी हसू आलं, मग ओशाळलो. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण माझ्या कामाचं इतकं नेमकं मूल्यमापन कुणीच केलं नव्हतं.

थोड्या वेळाने धाकट्याला चूल हवी झाली. भांडण झालं, मग तोडगा निघाला : अम्मी ऑफिसला जाणार, अब्बा भाकरी करणार. तेवढ्यात घरी आलेल्या एका नातेवाइकांनी टोकलं, "अरे, मुलगा असून भाकऱ्या थापतोस?" त्याने गुपचूप पोळपाट खाली ठेवला. पोरांनी स्वतः काढलेला तोडगा एका वाक्यात मोडला.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ साली मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात पाच आणि सात वर्षांच्या दोन बहिणी ठरवतात, 'चला, बहिणी-बहिणी खेळू.' त्या खऱ्याच बहिणी. पण एरवी ज्याचा विचारही करत नाहीत ते, म्हणजे बहिणीने कसं वागायचं याचे नियम, त्या खेळात पाळू लागतात. घरात कुणी बोलून न दाखवलेले नियम मुलं खेळात असे मांडून दाखवतात. माझ्या लेकीनेही तेच केलं होतं.

सुट्टीत आम्ही सांगलीला, मुलांच्या नानीकडे गेलो. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा आमच्या सातारा जिल्ह्यातला पाऊस घेऊन सांगलीला पोचते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी तिने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फूटही पार केले होते. मोठ्यांकडून ऐकलेल्या त्या पुराचा पोरांनी खेळ केला. पलंग झाला बोट. लेक नावाडी, आणि धाकटा बोटीतल्या माणसांसाठी खिचडी शिजवणारा.

नानी बघत होत्या. म्हणाल्या, "त्या वेळी छावणीत तुमच्या मामानेच मोठ्या पातेल्यात खिचडी ढवळली. कुणी हसलं नाही." पाणी ओसरलं आणि मामा पुन्हा स्वयंपाकघराबाहेर गेले. संकटात जे काम माणुसकीचं ठरतं, ते एरवी कमीपणाचं कसं होतं?

आपल्यापैकी अनेक जण समतेवर बोलतात, लिहितात. पण घरातल्या लहान भावंडांचा खेळ दहा मिनिटं, मध्ये न बोलता पाहा. कोण हुकूम सोडतं, कोण वाढतं, कोणाला गप्प बसवलं जातं, सगळं कळेल. खेळ सुधारायला जाऊ नका. मुलं दिसतं तेच खेळतात, त्यामुळे बदलायचं ते आपल्या घरातलं. आणि मुलाच्या हातात पोळपाट किंवा मुलीच्या हातात सुकाणू दिसलं, तर निदान टोकू नका.

मी संध्याकाळचा चहा करायला लागलो. आता लेकीच्या भातुकलीत अब्बाही चहा करतात. कपबश्या मात्र अजून अम्मीच विसळते. म्हणजे माझं काम बाकी आहे.