दिवाळी तोंडावर आली आणि जीव घाबरा होतोय? सणाच्या दिवसांतला ताण समजून घेऊया

२०२५ मध्ये १७ ऑक्टोबरला वसुबारस, २१ ला लक्ष्मीपूजन आणि २३ ला भाऊबीज होती. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी, कारंजा, आर्वी या पट्ट्यात याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी उरकते, कपाशीचा पहिला वेचा सुरू होतो आणि आंबिया बहाराच्या संत्र्याचा सौदा ठरतो. म्हणजे वर्षभराचा हिशोब आणि वर्षातला सगळ्यात मोठा सण एकाच पंधरवड्यात येतात. शहरातल्या नोकरदाराला दिवाळीआधी बोनस मिळतो. इथे दिवाळीआधी कळतं ते यंदा हातात किती उरलं आणि किती नाही.

याच सुमारास दवाखान्यात काही तक्रारी वाढतात. ‘डोकं लयच जड राहते’, ‘छातीत धडधड होते’, ‘रात्री दोनला जाग आली की मग झोपच नाही लागत’, ‘अन्न पाहूनच नको वाटते’. बीपी थोडं वाढलेलं असतं, साखर हललेली असते, बाकीचे रिपोर्ट ठीक येतात. मग पेशंट म्हणतो, ‘काही निघालं नाही म्हणता, मग हे होते कशानं?’ प्रश्न अगदी रास्त आहे. तुम्हाला होतोय तो त्रास खरा आहे. शरीर सतत सावध राहिलं की झोप तुटते, पोटातलं आम्ल वाढतं, मान आणि खांद्याचे स्नायू आखडतात. आपल्याकडे ‘मला टेन्शन आहे’ असं सहसा कोणी म्हणत नाही, पण डोकं आणि पोट ते बोलून दाखवतात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. छातीच्या मध्यभागी दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, दम लागणं यातलं काहीही झालं तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. ते टेन्शन आहे की नाही हे ईसीजी काढल्यानंतर डॉक्टरांना ठरवू द्या.

२०२५ चं ओझं नेमकं कशाचं होतं?

सप्टेंबर २०२५ च्या पावसाने राज्यभर उभी पिकं पाण्यात घातली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात रब्बीच्या मदतीसह कोरडवाहू शेतीला हेक्टरी १८,५०० रुपये धरले होते आणि दिवाळीआधी पैसे देण्याचा प्रयत्न राहील असं सांगितलं गेलं. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ५,३२८ रुपये होता, बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता. भिजलेल्या दाण्यात ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर हमीभाव केंद्रावर तो माल चालत नाही, आणि व्यापारी त्याच कारणाने भाव पाडतो. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये होता, पण आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क केंद्राने ऑगस्टमध्ये उठवलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्यामुळे खासगी बाजारात काय मिळेल याची धाकधूक होती. सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी हवी. घरात तो मोबाइल नीट वापरता येणारा एकच असतो, तो पुण्याला कामाला असलेला मुलगा.

आरोग्याच्या लेखात भावाचे आकडे कशाला, असं वाटेल. पण यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक न मिळालेलं उत्तर आहे. पैसे येतील का, कधी येतील, किती येतील? वाईट पण पक्की बातमी माणूस पचवतो, त्याप्रमाणे घराची घडी बसवतो. ‘येईल, बघू’ हे मात्र रोज नव्याने सहन करावं लागतं. त्यातच फराळ, कपडे, किराणा, भाऊबीजेला येणारी बहीण या सगळ्यांना तारीख ठरलेली असते. खर्चाची तारीख पक्की आणि आवक बेभरवशाची, ही या ताणाची खरी जात आहे. ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला इथे फारसा उपयोगाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपयोगाचं काय? मदतीचा पैसा आलाच नाही असं धरून दिवाळीचा खर्च कागदावर मांडा. मनात नको, कागदावरच, आणि नवरा-बायकोने मिळून. देणं नेमकं किती आहे हा आकडा अनेक घरांत एकाच माणसाला माहीत असतो. बँकेचं, कृषी केंद्राचं, सोयऱ्याचं, सावकाराचं, सगळं तो एकटाच डोक्यात घेऊन फिरतो. वहिनींना अंदाज असतो, पण आकडा माहीत नसतो. हा आकडा बोलला गेला म्हणून कर्ज कमी होत नाही. पण रात्री दोनला जाग आली की घरात आणखी एक माणूस हे जाणतो, एवढा फरक नक्की पडतो. मुलांनाही वसुबारसेच्या आधीच सांगा की यंदा कपडे एकच जोडी, फटाके नाहीत. ऐन लक्ष्मीपूजनाला कळण्यापेक्षा आठ दिवस आधी कळलेलं मुलं बरंच समजूतदारपणे घेतात.

घरातल्या बाईची दिवाळी

याबद्दल कमी बोललं जातं. पहाटे उठून घर सारवायचं किंवा पुसायचं, दिवसभर सोंगणीला नाहीतर वेचणीला जायचं, आल्यावर चुलीपुढे करंज्या-अनारशाला बसायचं. कमरेत वाकून वेचलेल्या कापसाचं ओझं आणि तळणाचा धूर, दोन्ही एकाच शरीरावर. त्यात रक्त कमी असेल तर चक्कर, धाप आणि चिडचिड येणारच. तिला ‘स्वभाव बदलला’ म्हणू नका, हिमोग्लोबिन तपासा. आणि यंदा चार पदार्थांऐवजी दोन करा. शेवग्यावर बसायला मुलगे आणि चिवडा परतायला पुरुष चालतात, त्याने फराळ बाटत नाही.

आणि दारू

वर्धा हा जवळपास पन्नास वर्षं दारूबंदी असलेला जिल्हा आहे. तरी सणात ती कुठून येते हे मी सांगायला नको. दारू घेतल्यावर झोप लवकर लागते हे खरं, पण ती मधेच तुटते आणि दुसऱ्या दिवशी उदासपणा वाढतो. ज्याचं मन आधीच खचलेलं आहे त्याच्यासाठी दारू सगळ्यात धोक्याची, कारण तिच्या अमलात माणूस असा निर्णय घेऊन बसतो जो सकाळी त्याने घेतला नसता. मात्र रोज पिणाऱ्याने ‘दिवाळीपासून बंद’ म्हणून एका दिवसात सोडू नये. हातपाय थरथरणं, भास होणं, झटके येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. सोडायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा, त्यासाठी औषधं आहेत.

ताण कुठे संपतो, आजार कुठे सुरू होतो?

ताण आला-गेला तर तो ताण. पण सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, ‘माझ्यामुळेच सगळं झालं’ असं सारखं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका. नैराश्यावरच्या या गोळ्यांची सवय लागत नाही. सवय लागते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची.

वर्धा नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायचं, समुपदेशकाने आधार द्यायचा, गरज पडली तरच मानसोपचारतज्ज्ञ, अशी त्याची रचना. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. माणसं तीच होती, शेतीही तशीच होती. मोठा दवाखानाही उभारला नव्हता. कोणीतरी दारात येऊन नीट विचारलं, हा बदल होता. वर्धा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. पॅकेजं त्यानंतरही आली. असं दारात जाऊन विचारणारं माणूस मात्र अजून प्रत्येक गावात नाही.

म्हणून तुम्ही विचारा. घरातला माणूस गप्प झाला, देण्याघेण्याची निरवानिरव करू लागला, ‘माझ्यामागं असं करा’ म्हणू लागला, तर सरळ विचारा: ‘बाबा, जीव नकोसा झालाय का? मरायचे विचार येतात का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर भांडू नका, शपथा घालू नका, त्यांना एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून काढून दुसऱ्याकडे कुलपात ठेवा. खरं तर ही औषधं कुठल्याच घरात, कधीच, हाताशी नसावीत. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ज्या घरात यंदा माणूस गेलं आहे

तिथे सण नसतो. तळण होत नाही, आकाशकंदील लागत नाही. शेजारी आणि सोयरे फराळाचा डबा घेऊन जातात, ही जुनी रीत फार शहाणपणाची आहे. डबा ठेवून लगेच निघू नका. थोडं बसा, गेलेल्या माणसाचं नाव घ्या. नाव काढलं तर रडू येईल म्हणून आपण टाळतो, पण त्या घराला तेच हवं असतं. आष्टीला हे वेगळं सांगायची गरज नाही. १६ ऑगस्ट १९४२ ला इथल्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबारात माणसं गेली, तो दिवस नागपंचमीचा होता. सण आणि आठवण एकाच दिवशी सांभाळणं या गावाला जमतं.

मदत कुठे मिळेल?

१४४१६ हा ‘टेलि-मानस’चा नंबर. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. काय बोलावं सुचत नसेल तर ‘चार दिवस झोप नाही’ एवढ्यापासून सुरुवात करा. १०४ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरवरही विचारता येतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून पुढची चिठ्ठी घ्या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी मेघेच्या आचार्य विनोबा भावे रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. तुमच्या आशाताईंना विचारलंत तर कुठल्या दिवशी कुठे जायचं हे त्या सांगतील.

बीपी, शुगर, फिट किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर धनत्रयोदशीच्या आत पंधरा दिवसांचा साठा घरात आणून ठेवा. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज गावातली मेडिकल कधी उघडतील याचा नेम नसतो, आणि या गोळ्यांचा खाडा एका दिवसाचाही नको.