काटा त्यांचा, पट्टीही त्यांचीच



जिंतूरला सोयाबीन घेऊन गेलात तर बाजार समितीत मापाडी असतो, परवानाधारक. काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. एवढं असूनही ओलाव्याची कटती जास्त लावली की आपण भांडतो, आणि भांडलंच पाहिजे. मग तोच व्यवहार मोबाईलवर आला की आपली वाचा का बसते?

बोलतोय अ‍ॅफिलिएट लिंकबद्दल. बातमीखाली "स्वस्तात मोबाईल, इथे क्लिक करा" असतं ना, तेच. त्या लिंकवरून तुम्ही खरेदी केली की पेजवाल्याला कमिशन. ऑनलाइन दलालीच म्हणा. चारठाण्यात बसून मीही ती करतो, लपवत नाही. गावातल्या जाहिरातींवर बातमीदाराचं घर चालत नाही.

माझ्या साइट तीन. बातम्यांची, शेतीची, नोकरभरतीची. वर्षभर तिन्हींवर एकच ट्रॅकिंग आयडी टाकला. महिन्याला एकच आकडा यायचा, कोणत्या साइटने कमावलं पत्ता नाही. म्हणजे तीन शेतांचं सोयाबीन एका ढिगात ओतायचं अन् मग विचारायचं, उतारा कुठल्या शेतात जास्त! ही चूक माझीच. प्रत्येक साइटला वेगळा आयडी केला तेव्हा कळलं, नोकरभरतीवर क्लिकचा पाऊस अन् खरेदी जवळपास शून्य. शेतीच्या साइटवर माणसं थोडी, पण फवारणी पंप घेणारी. नुसते क्लिक मोजणाऱ्या पोरांनो, शंभर क्लिकमागे रुपये किती आले ते बघा.

इथवर आपल्या हातात होतं. पुढे नाही. माझ्याकडे नोंदलेले क्लिक आणि कंपनीच्या अहवालातले क्लिक जुळेनात. विचारलं, तर उत्तर आलं की अवैध क्लिक वगळले. कोणते? का? काही नाही. माल परत गेला की कमिशन वजा, ते रास्त आहे. पण वाचकाने व्हॉट्सअ‍ॅपमधून लिंक उघडली आणि खरेदी नंतर कंपनीच्या अ‍ॅपवर केली, तर आपली खूण वाटेतच पुसली जाऊ शकते. वर बहुतेक ठिकाणी नियम शेवटच्या क्लिकचा. गिऱ्हाईक तुम्ही आणा, ऐनवेळी दुसऱ्याची लिंक मध्ये घुसली की कमिशन त्याचं.

हे फक्त खेड्यातल्यांचं रडगाणं नाही. 'हनी' नावाचं कुपन शोधणारं एक्स्टेन्शन पेपालने २०२० मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरला घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूबरने आरोप केला की पैसे भरायच्या क्षणी ते दुसऱ्यांची खूण काढून स्वतःची लावतं. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. मार्च २०२५ मध्ये गुगलने क्रोम एक्स्टेन्शनसाठी अशा लिंकांचे नियम कडक केले. ज्यांचे लाखो प्रेक्षक आहेत, त्यांनाही आपल्या कमिशनचं काय होतं ते कळायला वर्षं लागली. आपली काय कथा!

कोणी म्हणेल, परवडत नसेल तर सोडा. शेतकऱ्यालाही हेच सांगत होते. फळं-भाजीपाल्याची आडत त्याच्या पट्टीतून निघून खरेदीदारावर जायला २०१६ उजाडलं, तेही भांडून. माझी मागणी साधी आहे. जो पैसे देतो, त्यानेच एकट्याने मोजू नये. वगळलेल्या प्रत्येक क्लिकचं कारण लेखी मिळावं आणि हिशोब त्रयस्थाकडून तपासून घ्यायचा हक्क कायद्यात असावा.

आता आपल्याच बांधवांकडे वळतो. पैसे मिळत असतील तर ते वाचकाला स्पष्ट सांगा, असं ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी २०२३ च्या सूचना म्हणतात. आपल्यापैकी किती जण सांगतात? मीही सांगत नव्हतो. कंपनीकडे पारदर्शक हिशोब मागायचा अन् वाचकाला अंधारात ठेवायचं, हे कसं चालेल?

आजपासून माझ्या लिंकच्या वर "यातून मला कमिशन मिळतं" हे लिहिलेलं दिसेल. दर महिन्याच्या ५ तारखेला तिन्ही साइटचे क्लिक, खरेदी, कटती अन् हातात पडलेले रुपये इथेच टाकणार. जिंतूर, सेलू, मानवतकडचे जे कोणी या धंद्यात आहेत, त्यांनी आपापले आकडे मेसेजमध्ये पाठवा. नाव छापणार नाही.