पावसाळ्यापूर्वी पश्चिमेचे दार



घराच्या डागडुजीचा विषय निघाला की आपल्या वस्तीत पहिली नजर जाते ती छपराकडे. कौले परतणे, पत्रे बदलणे, वर प्लॅस्टिक टाकणे ही कामे मे महिन्यात कशीबशी उरकली जातात. दाराकडे मात्र कोणी पाहत नाही. आमचे म्हणणे असे की, जोहे, हमरापूर आणि एकूणच पेण-रोह्याच्या पट्ट्यात ज्यांच्या घराचे दार पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला आहे, त्यांनी छपराइतकीच काळजी दाराची घेतली पाहिजे. कारण पत्रे उडतात ते पुष्कळदा दारामुळे.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधले झोत १२० पर्यंत. जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे गेली. वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो. दार मिटलेले असेल तोवर पत्र्यावर एवढाच ताण. पण दार निखळले की वारा आत घुसतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो आतूनही पत्रा वर रेटतो. वरून ओढ आणि खालून रेटा, या दोहोंपुढे पत्र्याचे हूक टिकत नाहीत. यात कुणाचा कोप नाही की साडेसाती नाही.

आता दार तपासायचे ते तळापासून. झडीचे पाणी फळीवरून ओघळून खालच्या कडेला साचते आणि लाकूड तिथे प्रथम कुजते. जुना खिळा टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर दार उतरवावे. कुजलेला भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापून काढावा आणि तेथे नवी पट्टी बसवावी. वर रंग फासून कूज झाकली जाते, थांबत नाही. घरकुलाच्या घरांत पुष्कळ ठिकाणी फ्लश दारे असतात. त्यांचा पापुद्रा सुटला असेल तर डिंक भरून, वर फळी दाबून, एक रात्र वजन ठेवावे. तळाला अॅल्युमिनियमची पट्टी मारली तर उत्तम. लोखंडी दाराला गंज खरवडून रेड ऑक्साईडचा हात द्यावा.

बिजागरीचे स्क्रू नुसतेच फिरत असतील तर मोठा स्क्रू ठोकण्याची घाई नको. भोकात लाकडाची बारीक खुंटी डिंक लावून बसवावी, वाळल्यावर तोच स्क्रू पिळावा. हे काम भगिनींनी बेलाशक करावे. घरातले पुरुष पाळीवर किंवा मुंबईला, आणि वादळ काही रविवार बघून येत नाही. स्क्रू पिळायला पिळदार दंड लागत नाहीत.

रंगाचे म्हणाल तर ती अक्कल जोह्याने कुणाकडून शिकण्याची गरज नाही. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती पुरती सुकल्याशिवाय रंगाचा ब्रश लागत नाही. (पूजेचा प्रश्न वेगळा, हाताचे कसब कष्टकऱ्याचे असते.) दाराचेही तसेच. ओल्या लाकडावर रंग दिला की ओल आत कोंडते आणि रंगाला फोड येतात. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात दार वाळवावे आणि वरची-खालची कड विसरू नये. सुतार ज्या कडा दिसत नाहीत त्या कोऱ्या सोडतो, आणि पाणी नेमके तिथूनच पिते लाकूड. आणखी एक, पावसात दार फुगले म्हणून लगेच रंधा मारू नये. दिवाळीनंतर तेच दार सैल होऊन खडखडते.

चौकटीवर लिंबू-मिरची टांगलेली काही घरांत आजही दिसते. १९५६ सालच्या बावीस प्रतिज्ञांनंतरही! तो खिळा काढावा आणि भोक बुजवावे. त्यातून पाणी मुरते, हेही एक कारण आहेच.

आपली दारे बहुधा आत उघडतात, म्हणजे वारा त्यांना उघडायलाच बघतो. कडी-कोयंडा दोन टिचभर स्क्रूंवर असतो. जुन्या घरांतला आडवा अडसर हाच यावर उपाय. भिंतीत पक्क्या बसवलेल्या दोन लोखंडी कड्यांत तो अडकवावा. मात्र घरातल्या लहानथोरांना तो आतून चटकन काढता आला पाहिजे. वादळात दाराला पाठ लावून उभे राहणे टाळावे. दार आलेच तर माणसासकट येते.

एवढे करूनही नुकसान झालेच, तर मोडकी फळी चुलीत घालू नका. तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत ती जागेवर असू द्या, फोटो काढून ठेवा. घरपट्टीची पावती पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत असावी. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसांची नोंद उन्हाळ्यातच करून घ्या. चिखल तुडवत कचेरीत खेटे घालणे फार जड जाते.

आणि विहाराचे दारही याच फेरीत घ्यावे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल, तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालेल. ग्रंथांचे कपाट दारासमोर असेल तर पूर्वेच्या भिंतीला झड पोहोचते का, तेही एकदा हात लावून पाहावे.