रिकाम्या खुर्चीला प्रश्न कोण विचारणार?

भंडारा आणि पवनी यांच्या मध्ये असलेले अड्याळ हे ग्रामपंचायतीचे गाव आहे. येथील मतदाराला वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभेत उभे राहून आपल्या सरपंचांना प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. नळाला पाणी का येत नाही, घरकुलाच्या यादीतून एखाद्या विधवेचे नाव का गळले, गावाच्या निधीतून कोणती कामे झाली, हे त्याला सर्वांसमक्ष विचारता येते. समाधानकारक उत्तर नेहमीच मिळते असे आम्ही म्हणणार नाही. अनेकदा गणसंख्येअभावी सभा तहकूब होते, हेही खरे आहे. परंतु उत्तर देण्यास बांधील असलेली व्यक्ती गावातच असते.

हाच मतदार मुलांच्या शिक्षणासाठी अथवा रोजगारासाठी भंडारा किंवा नागपूर शहरात राहावयास गेला, तर चित्र पालटते. महाराष्ट्राने २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात केली. ग्रामसभेप्रमाणे शहरातील नागरिकांनीही एकत्र बसून आपल्या भागाचा विचार करावा, हा तिचा हेतू होता. ती तरतूद बव्हंशी कागदावरच राहिली. शहरवासीयांसाठी उरला तो आपल्या प्रभागाचा नगरसेवक. गेल्या काही वर्षांत तोही उरला नव्हता.

भंडारा आणि पवनी नगरपरिषदांच्या मतदारांनी डिसेंबर २०१६ मध्ये मतदान केले. त्यानंतर मतदानाची संधी मिळाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. नागपूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधल्या काळात या शहरांचा कारभार शासनाने नेमलेल्या प्रशासकांकडे होता. वास्तविक १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षे ठरवली आहे व ती संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे स्पष्ट म्हटले आहे.

विलंबाची कारणे एकच नव्हती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी आवश्यक ती माहिती गोळा करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितले. ते प्रकरण विदर्भातील जिल्हा परिषदांच्या आरक्षणावरूनच उद्भवले होते. त्याची झळ आपल्या जिल्ह्यानेही सोसली. भंडारा जिल्हा परिषदेची मुदत २०२० मध्ये संपली होती. अखेर २१ डिसेंबर २०२१ रोजी मतदान झाले. परंतु इतर मागासवर्गीयांसाठी राखीव असलेल्या जागांचे मतदान थांबवावे लागले. त्या जागा सर्वसाधारण करून १८ जानेवारी २०२२ रोजी तेथे मतदान घेण्यात आले. पुढे शहरांच्या बाबतीत प्रभागरचनेचे कायदे बदलत गेले, प्रकरणे न्यायालयात पडून राहिली आणि शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला.

मागासवर्गीयांना न्याय मिळावा ही मागणी रास्त होती व आहे. मात्र त्या न्यायाची वाट पाहताना सर्वच नागरिकांचा प्रतिनिधी नाहीसा झाला, ही गोष्ट कोणत्याही पक्षाने फारशी मनावर घेतली नाही. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. पण तो उत्तरदायी असतो तो वरिष्ठांना. गल्लीतील तुंबलेल्या गटाराविषयी त्याला जाब विचारण्याचे साधन सामान्य माणसाच्या हाती नसते. ज्याची ओळख आहे, त्याचे काम मंत्रालयातून होते. ज्याची नाही, तो अर्ज घेऊन फिरत राहतो. म्हणून रिकाम्या खुर्चीची खरी किंमत गरिबालाच मोजावी लागते.

आता खुर्च्या भरल्या आहेत. मग प्रश्न मिटला काय? आम्हांस तसे वाटत नाही. निवडून येणे ही लोकशाहीची सुरुवात आहे; न्याय त्यानंतर करावयाचा असतो. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, त्या काळातील एक प्रसंग येथे आठवतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करण्याचे ठरवले. जोतीरावांचे म्हणणे असे, की हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. विरोधात मत पडले ते त्यांचे एकट्याचे. ठराव संमत झाला. तरीही इतर सभासदांची नावे आज कोणास आठवत नाहीत. विशेष म्हणजे जोतीराव लोकांनी निवडून दिलेले नव्हते, सरकारने नेमलेले सभासद होते. नेमलेल्या सभासदाने जर गरिबांच्या पैशासाठी एकट्याने उभे राहावे, तर मते मागून आलेल्या सभासदाकडून आपण त्याहून कमी अपेक्षा का ठेवावी?

न्यायाची आणखी एक कसोटी आहे. ज्यांनी आपणांस मत दिले नाही, किंवा जे मत देऊच शकत नाहीत, त्यांच्याशी सत्ता कशी वागते? नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तेथून वैनगंगेला मिळते. गोसेखुर्द धरणामुळे पाणी अडते आणि हे प्रदूषण भंडाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचते, अशी तक्रार येथील नागरिक वर्षानुवर्षे करीत आहेत. भंडारेकराला नागपूरच्या महापालिकेत मत नाही. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्राने १,९०० कोटींहून अधिक रुपयांची योजना मंजूर केली आहे. ती वेळेवर पूर्ण व्हावी यासाठी नागपूरचा एखादा नगरसेवक सभागृहात उभा राहील काय? त्याला त्यातून एकही मत मिळणार नाही. म्हणूनच त्याच्या न्यायबुद्धीची पारख तेथे होईल.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीत हा विचार जुनाच आहे. खालच्या स्तरावरील समूहाला जे स्वतः करता येते, ते वरच्या सत्तेने हिरावून घेणे अन्यायाचे आहे, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रात सांगितले. गावाचा व शहराचा कारभार वरून चालवणे कितीही सोयीचे असले, तरी ते योग्य का नाही, याचे उत्तर त्यात आहे.

या जिल्ह्यात आपण संख्येने मूठभर आहोत. आपल्या मतांनी निकाल फिरणार नाहीत, म्हणून अलिप्त राहण्याची सवय आपणांस लागली आहे. ती आपण सोडावयास हवी. ग्रामसभेची सूचना लागेल तेव्हा अड्याळच्या व आसपासच्या बांधवांनी जरूर जावे. शहरातील बांधवांनी आपल्या नगरसेवकाकडे अर्थसंकल्पातील प्रभागाचा वाटा आणि क्षेत्रसभा या दोन गोष्टी लेखी मागाव्यात. प्रश्न आपल्या समाजाचाच असावा असे नाही. शेजारच्या विधवेचे घरकूल हाही आपलाच प्रश्न आहे. खुर्ची पुन्हा रिकामी राहिली, तर पहिली तक्रार आपल्याकडून व्हावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.