वायफायची तेरीज

खालापूर तालुक्यातील कुंभिवली येथे माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी पाइप-फिटिंगचा व्यापार आहे. गेल्या महिन्यात तेथे गेलो, तो कोणत्याही कार्यानिमित्त नव्हे, तर पितापुत्रांतील एका वादामुळे.

विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुकानातील लॅपटॉप जुना असल्याने नवी विंडोज घेण्यास अपात्र ठरला, म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स मिंट बसवले. पैसा वाचला, यंत्रही पूर्वीपेक्षा चपळ झाले; वायफाय मात्र बिघडले. एरवी मंद, आणि मधूनच अजिबात तुटणारे. एके सायंकाळी माल भरलेला टेम्पो दारात उभा असताना ई-वे बिलाचे पान अर्ध्यावर अडकले आणि माल दुसऱ्या दिवसावर गेला. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरील मालास आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरील मालास हे बिल लागते, हे आपल्या वाचकांना मी सांगावयास नको. दाजींनी निकाल देऊन टाकला, "फुकटाचे ते फुकटाचेच. ४५ हजार गेले तरी चालतील, नवा लॅपटॉप आणू." भाच्याचा चेहरा उतरला होता.

"मामा, मी सगळे करून पाहिले," तो म्हणाला. ते 'सगळे' हेच खरे दुखणे होते. एका रात्रीत त्याने ड्रायव्हर बदलला, तीन-चार सेटिंग फिरवल्या, राउटर मूळ स्थितीला आणला. कशाने काय झाले याची नोंद कोठेही नाही. बँकेत तेरीज जुळली नाही, तर आम्ही एकदम दहा खात्यांना हात लावीत नसू. एक नोंद तपासावी, खूण करावी, मग पुढची. मी त्याला रोजमेळाची एक जुनी वही आणावयास सांगितली.

प्रथम प्रश्न हा, की दोष बाहेरून येणाऱ्या तारेत आहे, राउटरमध्ये की लॅपटॉपमध्ये? लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला. योजना १०० मेगाबिटची, वेग आला ९४. म्हणजे तार निर्दोष, आणि लिनक्सवरील दाजींचा निम्मा आरोपही तेथेच गळाला. मग केबल काढून काउंटरवर त्याच जागी मोबाइल आणि लॅपटॉप आळीपाळीने तपासले. मोबाइल मंद होता, पण तुटत नव्हता. लॅपटॉप मंदही होता आणि तुटतही होता. मंदपणा आणि तुटणे हे दोन वेगळे आजार आहेत, एका औषधाने दोन्ही जाणार नाहीत, हे वहीतील त्या दोन ओळींनी दाखवले.

तुटण्याकडे आधी वळलो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'पिंग' ही आज्ञा देऊन पुढे राउटरचा आकडी पत्ता लिहिला (बहुधा तो १९२.१६८.१.१ असतो), की लॅपटॉप दर सेकंदास राउटरला हाक मारतो आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते दाखवतो. हाक बाहेरच्या जगास नव्हे, चार हातांवरील राउटरला. उत्तर पाच-सात मिलिसेकंदांत यावे. येथे ३, ४, मग २१०, मग १८०, पुन्हा ३ आणि मध्येच शांतता! ही लक्षणे झोपेची होती. बॅटरी वाचावी म्हणून वायफायचे कार्ड काम नसताना डुलकी घेते. काही कार्डांचे ड्रायव्हर त्याला वेळेवर जागे करू शकत नाहीत. उबुंटू आणि मिंट यांत ही बचत आरंभापासूनच चालू असते. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' नावाची इवलीशी फाइल आहे. तीत पॉवरसेव्हपुढे ३ हा आकडा असतो. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. भाच्याने पासवर्ड देऊन फाइल उघडली, ३ चे २ केले, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पिंगची ओळ अर्धा तास ३ आणि ५ च्या दरम्यान राहिली. बॅटरी थोडी लवकर उतरेल खरी, पण दुकानातील लॅपटॉप दिवसभर वीजजोडणीवरच असतो.

बहिणीने सूर्यास्तापूर्वी पाने वाढली, म्हणून उरलेले काम दुसऱ्या सकाळी केले.

मंदपणाचे कारण मात्र पाहताक्षणी हसू यावे असे होते. मौल्यवान वस्तू म्हणून राउटर पोलादी तिजोरीमागे ठेवला होता! रेडिओलहरींना धातूची भिंत ओलांडवत नाही. तो काउंटर आणि गोदाम यांमधील दारावर, उंच भिंतीवर नेला. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल असले, तरी शेजारच्या चॅनेलांत अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झ, आणि एका जोडणीस लागतात सुमारे २०. त्यामुळे एकमेकांशी न भांडणारे तीनच उरतात, १, ६ आणि ११. आपला राउटर ३ वर बसून १ आणि ६ वरील दोन्ही शेजाऱ्यांशी झगडत होता. त्यास ११ वर नेले. काउंटरवर वेग ४५ झाला, गोदामाच्या दाराशी १८.

ड्रायव्हर बदलणे हा उपाय मी शेवटी ठेवतो. दोष एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून आधीचा कर्नल निवडून पाहावा. तेवढ्याने निदान होते आणि काही मोडतही नाही.

दाजींनी वही चाळली, आकडे दोनदा पाहिले आणि नव्या लॅपटॉपचा विषय पुन्हा काढला नाही. २० तारखेचे जीएसटीआर-३बी विवरणपत्र भाच्याने १७ लाच भरले. गोदामाच्या मागील कोपऱ्यात, लोखंडी रॅकच्या आड, वायफाय अजून पोहोचत नाही. तेथे केबल ओढावयाची आहे. दुकानातील प्रिंटरही लिनक्सला दाद देत नाही, त्याची नोंद पुढील अंकी.